गुरांमागे गेलेली शाळा

(१) ‘प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने शिकावे’ हे वाक्य आज शैक्षणिक ॲपांच्या जाहिरातींत सर्रास आढळते आणि नवे म्हणून खपवले जाते. ठाणे जिल्ह्यात या विचाराची कसोटी १९४५ पासून सुरू झाली होती. तीही संगणकाविना, वाडी-वस्तीच्या अंगणात आणि पुढे गुरांच्या कुरणात.

(२) आधी एक गैरसमज. इयत्ता, घंटा, एका वयाची मुले एका वर्गात, ही ‘परंपरागत’ शाळा फारशी जुनी नाही. पंतोजींच्या शाळेत इयत्ताच नव्हत्या. एकाच ओसरीवर कोणी धुळाक्षरे गिरवी, कोणी पावकी-निमकी म्हणे, कोणी मोडी कागद वाची. पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवी. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते आले आणि तपासनीस, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा यांचा जम बसला. सगळ्यांनी एका तालात चालणे सोयीचे ठरले, पण ते मोजदाद करणाऱ्या खात्याला. (त्या ओसरीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. तेथे छडी होती. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना दार जवळजवळ बंदच होते.)

(३) आता बोर्डी. भावनगरात गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे प्रयोग केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. जोडीला अनुताई वाघ होत्या, तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या आणि त्यानंतर जिद्दीने शिकलेल्या. (बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघरमध्ये आहे.)

(४) बालवाडी उघडली, पण वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. मुलांना वा पालकांना दोष न देता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ती हीच. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखत, म्हणून शिक्षक कुरणावर गेले आणि कुरणशाळा भरली. मोठी बहीण धाकट्याला सांभाळत घरी अडकते हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली.

(५) येथे ‘गती’ या शब्दाचा अर्थच बदलतो. ती केवळ बुद्धीची चाल नव्हे. गुरे केव्हा सुटतात, पाणी कोण आणते, धाकटे कोणाच्या कडेवर असते, हेही त्या गतीत येते. ॲपच्या जाहिरातीतील मुलाला स्वतंत्र खोली असते.

(६) एक आक्षेप गंभीर आहे. शाळा कुरणावर नेली म्हणजे मुलाचे गुरे राखणे मान्यच केले, नाही का? याच १९४५ मध्ये, याच पट्ट्यात, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. त्या वर्षीच्या जानेवारीत कल्याणजवळच्या टिटवाळ्यात किसान सभेचे अधिवेशन भरले. मे महिन्यात झरी गावी वारल्यांनी वेठ नाकारली. त्या लढ्याशिवाय कुरणशाळा अपुरीच ठरते. मात्र मालक बदलेपर्यंत मुलाने निरक्षर राहावे, हेही पटण्यासारखे नाही.

(७) १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. नाव गेले, मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळेने वळावे हे तत्त्व मागे राहिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसवण्याची आणि मागे पडलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद केली. हेतू चांगला, पण माप पुन्हा इयत्तेचेच.

(८) भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर पावसाळा सरला की कुटुंबे येतात आणि पुढच्या पावसाआधी परततात. त्यांच्या मुलांचे शालेय वर्ष दरवेळी मधोमध तुटते. स्वगतीने शिकण्याची खरी निकड या मुलांना आहे, आणि त्यांच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. त्यावर इयत्तेबरोबर मूल नेमके काय वाचू शकते आणि कोणते गणित सोडवू शकते हे नोंदले गेले, तर पुढच्या शिक्षकाला तेथून उचलता येईल. तो शिक्षक मात्र भट्टीपर्यंत पोहोचायला हवा. ‘स्वगती’च्या नावाखाली शिक्षकांची पदे कमी करणाऱ्यांनी ताराबाईंचा दाखला देऊ नये. कोसबाडला एकेका मुलामागे माणूस चालत गेला होता.