काळी साडी करडी का दिसते?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या चौबे कॉलोनीत हळदीकुंकवांची आणि त्याहून जास्त फोटोंची रेलचेल असते. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ इथेच, त्यामुळे काळ्या चंद्रकळेची या गल्ल्यांना सवय आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र ती अजून झालेली नाही. काळी साडी समोर आली की तो बिथरतो.

समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं असणार, असं धरून कॅमेरा हिशेब करतो. चौकटभर काळं दिसलं की त्याला वाटतं इथे अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. मग चंद्रकळा करडी होते, चेहरा पीठ फासल्यासारखा, आणि नव्या नवरीच्या हलव्याच्या दागिन्यांचा नुसता पांढरा लगदा. मंद आचेवर पाकाचा थेंब थेंब घालत, बोटं भाजून घेत आणलेला तो काटा फोटोत दिसतच नाही. आणि एकदा असा जळालेला पांढरा नंतर कितीही खटपट केली तरी परत येत नाही. काळोखात बुडालेलं थोडंफार वर काढता येतं. म्हणून बटण दाबण्याआधीच स्क्रीनवर हलव्यावर बोट ठेवावं, शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढावं. चेहरा सावळा राहिला तर नंतर ‘शॅडोज’ जरा वर. बस.

हलव्याचा आणखी एक उपयोग आहे. ट्यूबलाइटखालच्या फोटोवर हिरवट झाक येते. स्नॅपसीडच्या ‘व्हाइट बॅलन्स’मध्ये एक ड्रॉपर असतो, तो चित्रातल्या पांढऱ्या वस्तूवर टेकवला की बाकीचे रंग त्या हिशेबाने जागेवर येतात. हलव्याइतकं खात्रीचं पांढरं दुसरं कुठे मिळणार?

खरी परीक्षा कोशाची. आमच्याकडे लग्नाच्या बस्त्यात पैठणीशेजारी चांप्याचा कोसा असतोच. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या किड्याचं हे रेशीम. त्याचा मधाळ रंग रंगाऱ्याने दिलेला नसतो, धाग्याचाच असतो. कॅमेऱ्याला हे कोण सांगणार? पदरभर पिवळसर दिसलं की दिव्याचाच उजेड पिवळा आहे असं समजून तो निळसरपणा मिसळतो. नऊ-दहा हजारांची साडी गोणपाटासारखी दिसते. तिथे ‘वॉर्म्थ’ हळूच वाढवावी, पण साडी हातात धरून, तिच्याकडे बघत. स्क्रीनकडे बघून ठरवलं की कोसा केशरी झालाच म्हणून समजा.

इथवरचं एडिटिंग मला मनापासून पटतं. पूर्वीच्या स्टुडिओतही निगेटिव्हवर पेन्सिल फिरायची, काळ्यापांढऱ्या फोटोंत हाताने रंग भरले जायचे. साडी होती तशी दिसावी यासाठी केलेली खटपट म्हणजे लबाडी नव्हे. पण स्टोरी टाकायच्या घाईत एखादी मुलगी फोन पुढे करते, “काकू, कंबर थोडी बारीक करून द्या नं,” तेव्हा मी चष्मा शोधायला लागते. नॉर्वेत जाहिरातीतल्या माणसाची अंगकाठी किंवा त्वचा अशी बदलली तर फोटोवर तसं चिन्ह लावावं लागतं. जुलै २०२२ पासून तसा कायदाच आहे. आपल्याकडे चिन्हाची गरजही पडत नाही. कंबर आत जाते तशी मागची दाराची चौकटही वाकते, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची नजर फार तीक्ष्ण असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर साडी नेसायचीही गरज उरली नाही. गुगलच्या जेमिनीला आपला फोटो दिला की शिफॉनमधली, केस उडवणारी, जुन्या हिंदी सिनेमातली नायिका परत मिळायची. कॉलोनीतल्या निम्म्या प्रोफाइलवर एकाच वेळी वारा सुटला होता. मजा होती, नाही म्हणत नाही. पण त्या निऱ्या कुणी चापून बसवलेल्या नव्हत्या, आणि खांद्यावर पिन टोचली म्हणून कुणी ओरडलं नव्हतं. मला तर साडीच्या फोटोत बसून उठल्यावरच्या चुण्याही हव्या असतात. त्या पुसणारं बटण मी दाबत नाही.

ज्या बायका घरबसल्या व्हॉट्सॲपवर साड्या विकतात, त्यांचा व्यवहार माझ्यापेक्षा रोखठोक आहे. रंग खुलवून टाकला की ऑर्डर पटकन येते आणि साडी तितक्याच पटकन परत येते. वर कुरियरचा भुर्दंड. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी म्हणूनच फिल्टरला हात लावत नाहीत. सकाळी बाल्कनीतल्या सावलीत साडी पसरतात, रायपूरच्या दुपारच्या उन्हात कधीच नाही. पैठणी धूपछाँव असेल तर एका फोटोवर भागत नाही, कारण उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, कॅमेरा त्यातला एकच उचलतो. मग त्या पदर हातात घेऊन हलवतात आणि सरळ व्हिडिओ काढतात, मागून कुकरची शिट्टी आली तरी तशीच राहू देतात.