एकच मुख्यमंत्री, दोन विधेयकं

‘सरकार कोणाचंही येवो, बाईच्या बाळंतपणाला काय फरक पडतो?’ असं शहाणपणाच्या सुरात सांगितलं जातं. नांदेड-लातूरचा इतिहास मात्र ते खोटं ठरवतो.

नांदेडचे शंकरराव चव्हाण १९७५ ते १९७७ मुख्यमंत्री होते. देशात आणीबाणी, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. १९७६ मध्ये त्यांच्या सरकारने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेतलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. हेच शंकरराव १९८६ मध्ये परत मुख्यमंत्री झाले आणि १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला राज्य कायदा महाराष्ट्राने केला. माणूस तोच, पक्षही तोच. पण मधल्या काळात आणीबाणी गेली होती, आणि मुंबईत स्त्री संघटना व डॉक्टर या प्रश्नावर उघडपणे लढत होते. सरकारला त्यांना उत्तर देणं भाग होतं. म्हणून ‘चांगला नेता मिळाला की पुरे’ हेही मला पटत नाही.

दुसरा दावा, सक्तीनेच काम होतं हा. १९७६-७७ मध्ये देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या; पुढच्याच वर्षी त्या दहा लाखांच्या आत आल्या. लोकांचा विश्वासच उडाला. पुरुषांच्या रागाचाही फटका बसून केंद्रातलं सरकार पडलं, तेव्हापासून पुरुष नसबंदीचं नाव काढायला पुढारी धजेनात आणि शिबिरांचा सगळा भार बायकांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली दिसते. पुरुषांचं प्रमाण एक टक्काही नाही. वास्तविक पुरुषाचं ऑपरेशन सोपं, त्यात पोटाला हात लावावा लागत नाही. हा वैद्यकीय निर्णय नव्हेच, मतांचा हिशेब आहे.

लातूरच्या विलासराव देशमुखांच्या काळात पंचायत निवडणुकांना दोन अपत्यांची अट लागली, १२ सप्टेंबर २००१ ही तारीख धरून. पाळणा कधी थांबवायचा हे जिच्या हाती नाही, त्या सूनबाईचं सरपंचपद तिसऱ्या बाळंतपणाने जाणार! घराला मुलगाच हवा असेल तर अशी अट गर्भलिंगनिदानाच्याच दारात नेऊन सोडते, म्हणजे १९८८ च्या कायद्याच्या हेतूवर पाणी. ही अट रद्द व्हायला हवी.

जिल्हा परिषदेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तिथल्या सदस्यांनी आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत्येक सभेत विचारावं: यंदाच्या शस्त्रक्रियांत पुरुष किती?