काश्मीरचा रस्ता व अकाली हिमवृष्टि

द्राक्षाच्या, कांद्याच्या किंवा आंब्याच्या शेतकऱ्यास बर्फाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु नाशवंत माल तोडून गाडींत भरल्यावर पुढचा रस्ता बंद होणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच काश्मीरच्या सफरचंद-बागाइतदारांवर जो प्रसंग पुनःपुन्हां येत आहे, त्याचा थोडा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपल्या देशांत होणाऱ्या सफरचंदांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश काश्मीरांत होतात. वर्षाचें उत्पन्न सुमारें 20 लक्ष टन भरतें. तोडणी ऑगस्टपासून सुरू होऊन नोव्हेंबराच्या आरंभापर्यंत चालते, आणि यांतील बहुतेक माल श्रीनगर-जम्मू या एकाच मोठ्या रस्त्यानें ट्रकांतून खालीं उतरतो. शोपियानहून पूंछकडे जाणारा मुघल रस्ता आहे खरा, पण तो पीर पंजालच्या उंच खिंडींतून जात असल्यामुळें बर्फ पडतांच बंद होतो. एकंदरींत एका खोऱ्याचें वर्षाचें भाग्य एका रस्त्यावर टांगलेलें आहे.

आतां बर्फाचें पाहा. काश्मिरी लोक कडक थंडीचे 40 दिवस 21 डिसेंबरापासून मोजतात व त्यांस चिल्लई कलान म्हणतात. पण 2018 सालीं 3 नोव्हेंबरास, 2019 सालीं 7 नोव्हेंबरास आणि 2021 सालीं तर 23 ऑक्टोबरासच दक्षिण काश्मीरच्या बागांवर जड, ओला बर्फ कोसळला. तेव्हां झाडांवर पानें होतीं, कित्येक ठिकाणीं फळेंही होतीं. पानगळ झालेल्या झाडावरून बर्फ घसरून जातो. पानांनीं भरलेल्या फांदीवर तो सांचतो आणि फांदी बुंध्यापासून चिरते. जुन्या पद्धतीच्या झाडास भर उत्पन्नास येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, तें एका रात्रींत दुभंगतें. ज्यांचा माल झाडावरून निघाला होता त्यांचीही सुटका झाली नाहीं. रस्ता बंद पडून भरलेले ट्रक वाटेंतच अडकले.

बर्फ सरकारनें पाडला नाहीं, हें आम्ही जाणतों. सरकारनें या मार्गावर कांहींच केलें नाहीं, असेंही म्हणणें अन्यायाचें होईल. 1956 सालीं जवाहर बोगदा झाला. 2017 सालीं चेनानी-नाशरी हा सुमारें 9 किलोमीटरांचा बोगदा खुला झाला. 2021 सालीं बनिहाल-काझीगुंड बोगद्यांतून वाहतूक सुरू झाली. तरीहि लोकांचा संताप कां शमत नाहीं? कारण बोगदा बांधणें हें एक काम आणि बर्फ पडल्याच्या दिवशीं रस्ता मोकळा करणें हें दुसरें काम. लोकांची तक्रार या दुसऱ्या कामाविषयीं आहे. वीज गेली, गल्लीबोळांतील रस्ते अडले, बर्फ काढणारीं यंत्रें वेळेवर दिसलीं नाहींत, आणि ट्रक केव्हां सुटणार हें सांगणारा कोणी भेटला नाहीं, हें गाऱ्हाणें दरवेळीं ऐकूं येतें. वरातीमागून घोडें, ही म्हण अशा कारभारासाठींच झाली असावी.

आमच्या मतें दोषाचें मूळ एकच आहे. सरकारी तयारी ऋतूच्या तारखेवर बेतलेली असते. ती पिकाच्या तारखेवर बेतली पाहिजे. डिसेंबरांतील बर्फ प्रवाशास अडवितो. ऑक्टोबर-नोव्हेंबरांतील बर्फ बागाइतदारास बुडवितो. ज्या महिन्यांत रस्त्यावर सर्वांत अधिक माल असतो, त्याच महिन्यांत यंत्रें, माणसें व मीठ तयार हवें. मृगाचा पाऊस पडल्यावर जो कुणबी औत दुरुस्त करावयास बसतो, त्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. मग सरकारास निराळा न्याय कां लावावा?

येथें बर्फाखेरीजचें एक उदाहरण देणें अवश्य आहे. 2025 सालीं ऑगस्टअखेर अतिवृष्टीनें दरडी कोसळून हाच रस्ता बंद पडला व ट्रकांत सफरचंदें सडलीं. त्यानंतर 13 सप्टेंबरापासून बडगाम येथून दिल्लीस माल नेणारी रोजची आगगाडी सुरू झाली. काश्मीरची रेल्वे उर्वरित देशास त्याच वर्षाच्या जून महिन्यांत जोडली गेली होती, हें लक्षांत घेतलें तरी प्रश्न उरतोच: जी गाडी हानि झाल्यावर सुरू करितां आली, ती हंगामाच्या आरंभींच कां नाहीं?

बागाइतदारांच्या पदरींही थोडा दोष आहे, तो झांकूं नये. भाव चढेल या आशेनें फळ झाडावर ठेवणें, हवामानखात्याची सूचना ऐकूनही तोडणी लांबविणें, हें घडतें. पण रस्ता खात्रीचा नसेल तर लवकर तोडलेला माल तरी ठेवावा कोठें? शीतगृहें पुरेशीं हवींत आणि अडकलेल्या गाड्यांसाठीं वाटेंत थांबे हवेत. फळांच्या ट्रकांस प्रथम वाट मिळावी, आणि रस्त्याची स्थिति रोज सकाळीं जाहीर व्हावी. यांत अशक्य असें कांहीं नाहीं.

2019 सालीं काश्मीरांत बर्फ पडला, त्याच सुमारास महाराष्ट्रांत ऑक्टोबर-नोव्हेंबरांतील अवकाळी पावसानें काढणीस आलेलें सोयाबीन, भात व द्राक्षें यांची नासाडी झाली होती. संकटाचें रूप निराळें, पण धडा एकच. आभाळ पंचांग पाहून वागत नाहीं. म्हणून तयारीही पंचांग पाहून करूं नये. वाचकांस आमची विनंति अशी कीं, प्रत्येक गांवच्या सोसायटीनें आपल्या मुख्य पिकाच्या काढणीचे आठवडे, माल जाण्याचे रस्ते आणि त्यांवरील अडणारे पूल व घाट यांची यादी करून ती हंगामापूर्वीं दोन महिने कलेक्टरसाहेबांकडे लेखी द्यावी व पोंच घ्यावी. नुकसान झाल्यावर काढलेल्या मोर्चास सांत्वन मिळतें. आधीं दिलेल्या अर्जास जबाब द्यावा लागतो.