पंगत कोणाची, वाढपी कोण?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की शाळांतून आणि गृहसंकुलांतून एकात्मतेची गडबड सुरू होते. एक मुलगा फेटा बांधून पंजाबी होतो, एक मुलगी गजरे माळून तामिळ होते आणि एखादा काश्मिरी हमखास असतोच. मग इडली, ढोकळा, छोले यांचे स्टॉल लागतात, पाहुणे भाषण करतात, फोटो निघतात. मुलांना मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच इमारतीत राहणाऱ्या खऱ्याखुऱ्या तामिळ आजींना ‘तुमच्याकडे हे कसं करतात हो?’ असे सहसा कोणी विचारलेले नसते. आणि जिथे जागा भाड्याने देताना आधी आडनाव विचारले जाते, अशा संकुलांच्या व्यासपीठावरही हे नाच तितक्याच उत्साहाने होतात.

म्हणून असले कार्यक्रम थोतांडच असतात, असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. कोणता कार्यक्रम माणसे जोडतो आणि कोणता नुसता संध्याकाळ घालवतो, एवढे मात्र पाहायला हवे. त्यासाठी आपल्याकडची तीन गावे पुरेशी आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातले कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगेच्या काठचे, नरसोबाच्या वाडीजवळचे छोटे गाव. इथे पाच मशिदींत गणपती बसतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पीरपंजे आणि गणराय एकाच छताखाली शेजारी शेजारी असतात. हा योगही मोठा मौजेचा आहे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे मोहरम दरवर्षी मागे सरकतो. आपले सणही चंद्रावरच चालतात, तेही तसेच मागे सरकतात, फक्त मध्ये अधिक महिना येऊन त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. म्हणून एकदा हे दोन सण जुळले की अधिक महिना आडवा येईपर्यंत हातात हात घालून चालतात. १९८५ ते १९८७ अशी तीन वर्षे ते जुळले होते. त्यानंतर २०१८ ते २०२० या काळात पुन्हा जुळले. म्हणजे जवळजवळ एका पिढीचे अंतर! ज्यांनी तरुणपणी पहिला योग पाहिला, त्यांनी दुसरा नातवंडांना दाखवला असणार.

त्या दिवसांत एका घरून मोदक येतात, दुसऱ्या घरून चोंगे जातात. मांडव घालणारी, आरतीला उभी राहणारी, पंजाला खांदा देणारी पोरे त्याच गल्लीतली. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीतही मशिदीत गणपती बसवण्याची प्रथा चार दशकांहून जुनी आहे. या भागाला त्याचे फारसे नवल नाही. कोल्हापूरच्या बाबूजमाल तालमीत पीर आणि गणपती दोन्ही आहेत, आणि मोहरमात कितीतरी हिंदू घरे पिढ्यान्‌पिढ्या पीराचा मान सांभाळतात. त्याला कोणी ‘सलोखा कार्यक्रम’ म्हणत नाही. ते गावाचे काम असते.

आता तिथून फार लांब नसलेल्या मिरजेकडे वळू. एकोप्याच्या खुणा मोजायच्या तर मिरजेइतकी श्रीमंत गावे थोडीच सापडतील. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ अर्पण करण्याचा मान चर्मकार समाजाचा. उत्तरेतल्या कैरानाहून आलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथलेच झाले, १९३७ साली निवर्तल्यावर त्यांना याच दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती मिळाली आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात तिथे संगीतसभा होते. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर या त्यांच्या कन्या. गावातली सतारमेकर घराणी मुसलमान, त्यांच्या तंबोऱ्यांचे भोपळे पिकतात पंढरपूरच्या परिसरात, आणि ते तंबोरे वाजतात देशभरच्या मैफलींत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

याच मिरजेत सप्टेंबर २००९मध्ये, ऐन गणेशोत्सवात, स्वागत कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली. सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत झळ पोहोचली. मिरजेतल्या गणपतींचे विसर्जन खोळंबले. विधानसभेची निवडणूक महिन्याभरावर होती, हेही लक्षात ठेवायला हवे.

दर्गा होता, गाणे होते, मानाचा गलेफ होता. तरी ते कामी आले नाही. का? माझ्या मते, मैफलीत माणसे शेजारी बसतात, दाद देतात आणि आपापल्या घरी जातात. दुसऱ्या दिवशी एखादी वावडी उठली की ‘अहो, हे खरं का?’ म्हणून खात्री करायला कोणाकडे जावे, ते एकत्र गाणे ऐकून ठरत नाही. त्यासाठी कामाची ओळख लागते.

ही ओळख मुद्दाम घडवता येते, हे भिवंडीने दाखवले. यंत्रमागांचे हे शहर. मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेशातले कामगार, सुताचे व्यापारी, सगळे एकमेकांवर अवलंबून. तरी मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे भीषण दंगल झाली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. १९८४ साली पुन्हा आग लागली आणि मुंबई-ठाण्यापर्यंत पसरली. भिवंडी म्हणजे दंगल, असे समीकरणच होऊन बसले होते.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलिस उपायुक्त म्हणून तिथे आले. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. या समित्या ‘शांतता समिती’सारख्या नव्हत्या. शांतता समिती सणाच्या आदल्या दिवशी पोलिस ठाण्यात जमते, चहा घेते आणि पांगते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तिच्यात तेच तेच पुढारी असतात. खोपड्यांनी वस्तीवस्तीतली दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली आणि त्यांना वर्षभर बसवले. विषय कोणते? तुंबलेले गटार, नळावरची भांडणे, रात्रीचा लाउडस्पीकर, पोरांची मारामारी. शेजारधर्मावर व्याख्यान नाही. गटाराच्या निमित्ताने दहा वेळा भेटलेल्या माणसाच्या घराचा रस्ता अकराव्या वेळी अंधारातही सापडतो.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दोन फेऱ्यांत ९०० माणसे गेली. भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही पोलिस आयुक्त सतीश साहनी आणि ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि पोलिस व वस्तीतली पोरे क्रिकेट खेळू लागली. भिवंडीला कायमचे अभय मिळाले, असे मात्र नाही. जुलै २००६मध्ये कबरस्तानाजवळच्या पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून तिथे पोलिस आणि जमाव यांच्यात हिंसाचार झाला, दोन्हीकडची माणसे मेली. समिती हे यंत्र आहे, तेलपाणी थांबले की गंजते.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंगली होणारी आणि न होणारी शहरे जोडीजोडीने तपासली. अलीगढच्या जोडीला कालिकत, हैदराबादच्या जोडीला लखनौ, अहमदाबादच्या जोडीला सुरत. त्यांचे म्हणणे असे की, खेड्यात येणेजाणे, सणाला ताट पाठवणे एवढ्याने भागते. शहर मोठे झाले की ते अपुरे पडते. तिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये, क्लब अशा संस्था लागतात, ज्यांत दोन्हीकडची माणसे एकत्र कारभार करतात. कुरुंदवाड का टिकले आणि भिवंडीला समित्या का लागल्या, याचा उलगडा इथे होतो.

आपली गृहसंकुले आता खेडी राहिलेली नाहीत. समोरच्या दारातले कुटुंब वर्षभर दिसत नाही. आणि शेजारी केरळचा, बिहारचा, मणिपूरचा असू शकतो. तेव्हा यंदा मेळावा ठरवताना व्यासपीठावर कोण नाचणार, हा विषय शेवटी घ्या. आधी कार्यकारिणी पाहा. वर्गणी गोळा करायला दारोदार जाणारी जोडी वेगवेगळ्या घरांतली असू द्या. हिशेबाची वही यंदा पाटलांकडे असेल तर पुढच्या वर्षी शेखांकडे किंवा डिसोझांकडे जाऊ द्या. जेवणात मांसाहार असावा की नसावा यावर वाद होणारच. तो परस्पर निकालात काढू नका, सगळ्यांना बसवून घाला, एक बैठक वाया गेली तरी चालेल. पंगतीत वाढायला दोन मजल्यांच्या बायका आणि पुरुष मिसळून उभे करा. कोणाला कमी तिखट लागते, कोणाचा उपास आहे, कोण कांदा-लसूण खात नाही, हे ज्याच्या हाती वाढायची पळी असते त्यालाच कळते.

आणि पाण्याची टाकी धुण्याच्या बैठकीलाही तेच लोक बोलवा. ती बैठक मेळाव्याच्या दुसऱ्याच महिन्यात ठेवा, म्हणजे दिलेले फोन नंबर तोवर कोणी पुसून टाकलेले नसतील.