दोष कामाचा नव्हे, धुळीचा

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. शहापूर, मुरबाडच्या मुलांनाही अर्ज संगणकावर किंवा मोबाइलवरच भरावा लागला. आमची लेक अर्ज भरायला बसली, की अर्ध्यावर पडदा काळा पडे आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होई. तिसऱ्या वेळी ती रडकुंडीला आली.

बाजारातल्या एका दुकानदाराने न उघडताच निकाल दिला, "व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे सारे पुसणे. त्यात मरहूम अम्मींचे शेवटचे फोटो होते. आमचे मन धजेना.

किन्हवलीमार्गे मुरबाडहून भाचा आला. तो हेच काम करतो. म्हणाला, "मामू, फॉरमॅटचं नंतर बघू. आधी सांगा, बंद कधी पडतो?" आम्ही आठवून पाहिले. सकाळी कधीच नाही. भर दुपारी, पत्र्याखालच्या खोलीत, खूप काही एकदम उघडले की पडे.

त्याने सर्वप्रथम फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवली. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा वापर १०० टक्के! अर्जाच्या पानासोबत डझनभर पाने उघडी होती, एक व्हिडिओ चालू होता आणि मागे अँटीव्हायरसची तपासणी चालली होती.

इथेच आमचा गैरसमज दूर झाला. वापर १०० टक्क्यांवर जाणे हा दोष नव्हे. धडधाकट संगणक तेवढ्या कामावर तासन्‌तास चालतो. पण काम वाढले की प्रोसेसर तापतो आणि वीजही जास्त ओढतो. पंखा ती उष्णता बाहेर टाकू शकला नाही, तर तापमान शंभर अंशांच्या आसपास पोचताच मशीन जळू नये म्हणून स्वतःला तोडते. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, कमजोर असेल तरी वाढत्या भाराखाली असाच झटका बसतो.

प्लग काढून डबा उघडला, तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादी! भाच्याने पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने ती झाडली. प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. संध्याकाळी लेकीने अर्ज एका बैठकीत भरला.

तुमच्याकडे असे झाले तर क्रम हाच ठेवा. आधी महत्त्वाचे सारे दुसरीकडे उतरवा. बंद पडण्याची वेळ आणि तेव्हाचे काम वहीत लिहा. टास्क मॅनेजरमध्ये सगळ्यात जास्त वापर कोणाचा आहे ते पाहा. तिथे अनोळखी नाव सतत वर दिसले तर मात्र व्हायरसची तपासणी करा. फुकटात मिळवलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरबरोबर तो येऊ शकतो. नंतर धूळ आणि पेस्ट. एवढ्याने भागले नाही तर रॅम आणि एसएमपीएस बदलून पाहावेत; पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर खरा दोष कळणार नाही. लाइट जाऊन-येऊन असते तिथे यूपीएस लावणे बरे.

दुरुस्ती होईपर्यंत निकडीचे काम असेल, तर ते सकाळच्या गारव्यात, बाकी सारे बंद ठेवून उरका. आणि कोणी न उघडताच फॉरमॅट सुचवले, तर "आधी डबा उघडून दाखवा" एवढे म्हणायला लाजू नका.