वृद्धाश्रमाची तपासणी न कळवताच व्हायला हवी

जून २०२५ च्या अखेरीस नोएडाच्या सेक्टर ५५ मधल्या एका वृद्धाश्रमावर उत्तर प्रदेशचा राज्य महिला आयोग, समाजकल्याण खाते आणि पोलिसांनी मिळून छापा घातला. हात बांधून ठेवलेल्या एका वृद्धेची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरल्यानंतर ही यंत्रणा हलली होती. आत ३९ ज्येष्ठ नागरिक सापडले. काही जण कोंडलेले होते, तर काहींच्या अंगावर धड कपडेही नव्हते. ही माणसे बेवारस नव्हती. त्यांच्या घरच्यांनी पैसे मोजून त्यांना तिथे ठेवले होते.

छाप्यामुळे त्यांची सुटका झाली, हे चांगलेच झाले. मात्र चित्रफीत फिरलीच नसती तर काय झाले असते, हा प्रश्न उरतो आणि तो फक्त नोएडाचा नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले सुमारे एक कोटी अकरा लाख लोक होते. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे. मुले परगावी किंवा परदेशी, घरात नवरा-बायको दोघेही नोकरीला आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चोवीस तास सांभाळणारे कोणी नाही, अशी घरे आता फक्त पुण्या-मुंबईत राहिलेली नाहीत. त्यामुळे भाड्याच्या बंगल्यात किंवा इमारतीच्या एखाद्या मजल्यावर ‘केअर सेंटर’ उघडते. डिपॉझिट आणि दरमहा शुल्क ठरते, डायपर आणि औषधांचा खर्च वेगळा. पूर्वी वृद्धाश्रमात चालते-फिरते, निराधार लोक जात. आता तिथे स्मृतिभ्रंश झालेले, नळीवाटे जेवणारे, कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागणारे लोक असतात. अशा माणसाला तक्रार करता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने पाहणारा बाहेरचा डोळा लागतो.

हा डोळा कायद्यात कुठे आहे? आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीचा केंद्रीय कायदा २००७ साली झाला. त्याच्या कलम १९ नुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम ‘उभारू शकते’. म्हणजे तेही बंधन नाही. शुल्क घेऊन चालणाऱ्या खासगी वृद्धाश्रमाने नोंदणी केलीच पाहिजे, असे हा कायदा कुठेच म्हणत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ही उणीव भरून काढलेली होती. वृद्धाश्रमांची आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, तसेच किमान मानके या तरतुदी त्यात होत्या. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीने जानेवारी २०२१ मध्ये अहवाल दिला, आणि पुढे सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयकही बारगळले. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला प्रत्येक जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची माहिती राज्यांकडून मागवायला सांगितले होते. देशात वृद्धाश्रम किती, हे समजण्यासाठी न्यायालयाला आदेश द्यावा लागतो, यातच सगळे आले.

फाटकावरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक दिसला की नातेवाइकांना हायसे वाटते. बहुतेक वेळा तो क्रमांक धर्मादाय आयुक्तांकडे झालेल्या न्यासाच्या नोंदणीचा असतो. त्या कार्यालयात न्यासाचे हिशेब, विश्वस्तांची नावे आणि मालमत्तेतले बदल तपासले जातात. रात्री दोन वाजता ओले झालेले अंथरूण कोण बदलते, हे तिथे कोणी विचारत नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना निदान त्या पैशाचा हिशेब समाजकल्याण खात्याला द्यावा लागतो. व्यक्तीने किंवा कंपनीने धंदा म्हणून चालवलेल्या केंद्राला तेवढेही विचारणारे कोणी नसते.

याच राज्यात २०२४ साली महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना मानके घालून दिली. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद असावेत, चाकाची खुर्ची सगळीकडे फिरावी, आधाराला दांडे असावेत, असे त्यात आहे. चांगलेच पाऊल आहे ते. पण ज्याच्याकडे घर विकत घ्यायला पैसे आहेत, त्या ज्येष्ठाच्या दाराची रुंदी मोजली जाते आणि खाटेवरून उठता न येणाऱ्याच्या पाठीवरची जखम मोजायला कोणी नाही, ही तफावत कोणत्याही सरकारला शोभणारी नाही.

कायदा झाला आणि निरीक्षक नेमले की काम संपले, असेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडजवळच्या ओकडेन या सरकारी संस्थेचे उदाहरण पाहावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी असलेल्या या संस्थेने २०१६ साली केंद्रीय यंत्रणेच्या मान्यतेचे सगळे निकष पार केले होते. त्याच वर्षी एका रुग्णाच्या पत्नीने नवऱ्याच्या अंगावरच्या जखमा आणि चुकीच्या मात्रेत दिलेली औषधे यांचा जाब विचारायला सुरुवात केली. एप्रिल २०१७ मध्ये राज्याच्या मुख्य मनोविकारतज्ज्ञांचा अहवाल आला तेव्हा वर्षानुवर्षांचा छळ आणि हेळसांड उघड झाली आणि संस्था बंद करावी लागली. निरीक्षकांना हे दिसले का नाही, याची चौकशी केंद्र सरकारने लावली. पुनर्मान्यतेच्या भेटी न कळवता व्हाव्यात, ही त्यातली मुख्य शिफारस होती आणि जुलै २०१८ पासून ती अमलात आली. तारीख आधी कळली की संस्थेला तयारीला वेळ मिळतो. भेटीच्या दिवशी चादरी धुतलेल्या असतात, कर्मचारी पुरेसे असतात, वह्या भरलेल्या असतात. वृद्धाला मात्र वर्षाचे उरलेले दिवसही तिथेच काढायचे असतात.

अमेरिकेने हे १९८७ सालीच ओळखले होते. तिथल्या कायद्याने वृद्धांच्या शुश्रूषागृहांच्या दोन तपासण्यांत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. तपासणी न कळवताच करायची असते, आणि तारीख फोडणाऱ्याला दोन हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद मूळ कायद्यातच आहे. किमान दहा टक्के तपासण्या संध्याकाळी, पहाटे किंवा सुट्टीच्या दिवशी सुरू कराव्या लागतात. निरीक्षक नुसत्या वह्या पाहत नाहीत. एका महिन्यात वजन पाच टक्क्यांनी घटले असेल, तर ती गंभीर बाब मानून कारण विचारले जाते. शय्याव्रण किती जणांना झाले, गुंगीची औषधे कोणाला आणि का दिली जातात, कोणाला बांधून ठेवले आहे का, हे पाहिले जाते. रहिवाशांशी एकांतात बोलणे हा तपासणीचाच भाग असतो.

आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या एका खासगी शुश्रूषागृहातली दुरवस्था मे २००५ मध्ये आरटीई वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवली. देश हादरला आणि त्यातून स्वतंत्र प्राधिकरण आले. जुलै २००९ पासून सरकारी असोत वा खासगी, सगळ्या शुश्रूषागृहांची तपासणी तेच करते आणि अहवाल जाहीर करते. तरीही जून २०२५ मध्ये त्याच वाहिनीने पुन्हा दोन शुश्रूषागृहांतली हेळसांड दाखवली. इंग्लंडच्या नियामक आयोगाबद्दल २०२४ च्या सरकारी आढाव्यात आढळले की, काही संस्थांची श्रेणी कित्येक वर्षांपूर्वीची होती आणि काहींना श्रेणीच मिळालेली नव्हती. निरीक्षक कमी पडले, अनुभवी माणसे निघून गेली, की चांगली यंत्रणाही लुळी पडते. या देशांच्या चुका समोर असताना महाराष्ट्राने त्या पुन्हा करण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. देणग्यांवर, पदरमोड करून वृद्धाश्रम चालवणारे सच्चे कार्यकर्ते या राज्यात पुष्कळ आहेत. उद्या निरीक्षक आला, त्रुटी दाखवून हात पसरू लागला, तर आधी हेच लोक दारे बंद करतील. त्यावर उपाय म्हणजे तपासणी टाळणे नव्हे, तर तिची रचना नीट करणे. एकट्या कारकुनाला न पाठवता परिचारिका, समाजकार्यकर्ता आणि बाहेरच्या तालुक्यातला एक ज्येष्ठ नागरिक असे तिघांचे पथक पाठवावे. लहान संस्थेला इमारतीच्या त्रुटी सुधारायला मुदत आणि अनुदान द्यावे. मारहाण, कोंडणे, उपाशी ठेवणे याला मात्र एका दिवसाचीही मुदत नको. आणि अहवाल जाहीर झाला की पैसे घेऊन त्रुटी लपवणेही अवघड होते.

केंद्राच्या विधेयकाची वाट पाहत बसण्याची गरज नाही. महाराष्ट्र स्वतःचा कायदा करू शकतो. शुल्क घेणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची करावी. किती रहिवाशांमागे किती कर्मचारी, हे रात्रपाळीसाठीही ठरवावे. वर्षातून किमान दोनदा न कळवता भेट व्हावी, त्यातली एक रात्रीची. अहवाल मराठीत संकेतस्थळावर आणि संस्थेच्या फाटकावर लावावा. प्रत्येक मृत्यूची नोंद कारणासह जिल्हाधिकाऱ्यांकडे जावी. एखादे केंद्र बंद करावे लागले तर तिथल्या माणसांना कुठे हलवायचे, याची सोय जिल्ह्यात आधीच असावी, नाहीतर निरीक्षकालाच कारवाई करताना कचरावे लागते.

कायदा होईपर्यंत नातेवाइकांना गप्प बसून चालणार नाही. आई-वडिलांना कुठे ठेवायचे ते ठरवताना शुल्काइतकीच रात्री कामावर किती जण असतात याचीही चौकशी करा. भेटीला जाताना फोन करून जाऊ नका. पाठ, टाचा आणि मनगटे पाहा, दर महिन्याचे वजन लिहून मागा. परदेशातून ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करणाऱ्यांनी गावातल्या एखाद्या भावाला, मित्राला अवेळी डोकावायला सांगावे. काही खटकले तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ सुरू असते, तिथे तक्रार नोंदवा. आणि आपल्या आमदाराला पत्र लिहून विचारा की, मतदारसंघात किती वृद्धाश्रम आहेत आणि त्यांची शेवटची तपासणी कोणी, कधी केली.