लॉगिनचा पडदा: दिसतं त्यापेक्षा जास्त बदललंय

लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांची परीक्षणं वाचताना एक गंमत कायम दिसते. लॉगिनच्या पडद्याला त्यात जेमतेम एक वाक्य मिळतं, आणि तेही "आता जास्त देखणा झालाय" एवढंच. माझं मत बरोबर उलटं आहे. जीडीएममध्ये, म्हणजे ग्नोमचं लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, अलीकडे झालेल्या सगळ्यात महत्त्वाच्या सुधारणा पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत. त्यातली मोठी म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय. ती खरं तर खूप जुनी, पण आता धडपणे परत आली आहे.

आधी थोडा इतिहास. या जातीचा पहिला प्रोग्राम एक्सडीएम. कीथ पॅकार्डने लिहिलेला, १९८८ मध्ये एक्स-११ च्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर आलेला. पाठोपाठ १९८९ मध्ये एक्सडीएमसीपी नावाचा प्रोटोकॉल आला. तेव्हा एका खोलीत एक दणकट मशीन आणि बाकी टेबलांवर साधी टर्मिनल्स असा थाट असायचा. टर्मिनल चालू केलं की त्या मोठ्या मशीनचा लॉगिन पडदा समोर हजर! कल्पना झकास, पण एक गोम होती. सगळी ये-जा उघड्यावर, पासवर्डसकट. त्याच नेटवर्कवर कोणी कान लावून बसलं तर संपलंच.

जीडीएमनेही हा वारसा चालवला. मग २००८ मध्ये तो जवळजवळ नव्याने लिहिला गेला. ग्रीटर, म्हणजे नाव आणि पासवर्ड विचारणारा भाग, एक छोटंसं ग्नोम सेशन म्हणून चालू लागला. त्यामुळे वीजबचत, अपंगांसाठीच्या सोयी वगैरे गोष्टी लॉगिनआधीच मिळायची वाट मोकळी झाली. रचना म्हणून निर्णय अगदी योग्य. पण त्या भरात जुन्या थीम्स गेल्या आणि सेटिंग बदलायचं जीडीएमसेटअप हे साधनही गेलं. मे २००८ च्या फेडोरा ९ ने नवं रूप लगेच घेतलं. उबुंटूने मात्र ऑक्टोबर २००९ पर्यंत जुनंच वापरलं. लोक चिडले. "थीम गेली म्हणून रडतात" अशी त्यांची टिंगल झाली, ती मला पटत नाही. आधी नवीन द्या, मग जुनं काढा, एवढीच त्यांची साधी मागणी होती.

आता मुद्द्याकडे. मार्च २०२४ मध्ये ग्नोम ४६ आलं. त्याआधी ग्नोमच्या सेटिंगमधून दुसऱ्या मशीनचा पडदा बघता यायचा, पण तिथे कोणीतरी आधी लॉगिन करून ठेवायला हवं. ४६ पासून आरडीपीवरून थेट जीडीएमचाच पडदा येतो. मशीनसमोर कोणी नसलं तरी चालतं, आणि सगळी ये-जा एन्क्रिप्ट होऊन जाते. पासवर्ड मात्र दोन लागतात: एक जोडणीचा, दुसरा आपल्या खात्याचा. पहिल्यांदा हे कटकटीचं वाटतं. पण जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा वेगळा आणि आपल्या खोलीचं कुलूप वेगळं असायचं ना, तसंच हे.

याचा उपयोग कोणाला? एखाद्या कॉलेजचा विभाग घ्या. चांगलं मशीन एकच, आणि लॅबला संध्याकाळी कुलूप. ज्याच्या घरी जुनाट लॅपटॉप आहे, त्याला क्यूजीआयएसमध्ये मोठा नकाशा उघडायचाय किंवा कायकॅडमध्ये बोर्ड काढायचाय. "एसएसएच वापर की" असं आपण चटकन म्हणतो, पण ही माउसने करायची कामं आहेत. महागडा लॅपटॉप असलेल्याला फरक पडत नाही. ज्याच्याकडे नाही त्याचा प्रोजेक्ट अडतो. फक्त एक पथ्य पाळा: आरडीपीचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका. व्हीपीएन किंवा एसएसएचच्या बोगद्यातूनच आत या.

पुढची पायरी सप्टेंबर २०२५ च्या ४९ मध्ये आली. एकाच वेळी दोघा-तिघांनी दुरून दार ठोठावलं तर तेवढेच ग्रीटर चालवावे लागतात. आधी ग्रीटर 'जीडीएम' या एकाच खात्यावर चालायचे. एकाच खात्यावरचे प्रोग्राम एकमेकांच्या पायात येऊ शकतात. आता प्रत्येक ग्रीटरला आयत्या वेळी वेगळं, तात्पुरतं खातं मिळतं. हा बदल बघून "वा!" कोणीच म्हणणार नाही, पण चांगलं लॉगिन सॉफ्टवेअर ते हेच.

किंमतही मोजावी लागलीच. ही तात्पुरती खाती सिस्टमडीच्या यूजरडीबीमधून येतात. म्हणजे फ्रीबीएसडीसारख्या, सिस्टमडी नसलेल्या प्रणालींच्या देखभालकर्त्यांना जास्तीचं काम. आणि हे जाहीर झालं जून २०२५ मध्ये, रिलीजच्या जेमतेम तीन महिने आधी. इथे मला २००८ आठवतं. निर्णय बरोबर, घाई चूक. यातले बरेच लोक फावल्या वेळात, बिनपगारी काम करतात. त्यांना निदान एका आवृत्तीची, म्हणजे सहा महिन्यांची, उसंत द्यायला हवी होती. दार मजबूत करताना आधीपासून आत राहणाऱ्यांना किल्ली वेळेवर पोचवणं हाही सुरक्षेचाच भाग आहे.

असो. तुमच्या कॉलेजात किंवा ऑफिसात रात्रभर रिकामं बसणारं एखादं बरं मशीन असेल, तर तिथल्या ॲडमिनला विचारून या शनिवारी ही सोय चालू करून बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात रिमोट डेस्कटॉप, त्यात रिमोट लॉगिन. वॉलपेपर नंतर बदलता येईल.